रानफुलांचे फोटो आणि ‘सुधारणा’

सुधारणा ह्या शब्दाइतका सोशिक शब्द मराठी भाषेंत दुसरा क्वचितच सांपडेल. आगरकरांनीं १८८८ सालीं आपल्या पत्रास ‘सुधारक’ असें नांव दिलें, तेव्हां त्या शब्दाच्या पाठीशीं लोकनिंदा सोसण्याची तयारी होती. जें खोटें आहे तें चारचौघांत खोटें म्हणावयाचें, असा त्याचा रोखठोक अर्थ होता. आज तोच शब्द मोबाईलच्या कांचेवर बोट फिरवून केलेल्या रंगरंगोटीस लाविला जातो, आणि लावणाराच्या मनांत आपण कांहीं वावगें बोलत आहों अशी शंकाहि येत नाहीं. ‘फोटो छान आला होता, पण थोडा सुधारून घेतला,’ हें वाक्य हल्लीं कोणत्याहि सुशिक्षित घरांत ऐकूं येतें. ह्या सुधारणेचा सर्वांत मोठा मारा ज्या बिचाऱ्या वस्तूवर होतो, ती म्हणजे शहरांतल्या सार्वजनिक बागेंत कुंपणाच्या कडेला आपोआप उगवलेलें रानफूल. विषय दिसावयास क्षुल्लक आहे, हें आम्हांस ठाऊक आहे. परंतु क्षुल्लक गोष्टींत जडलेली खोड मोठ्या गोष्टींत कशी शिरते, हें ज्यांस पाहावयाचें असेल त्यांनीं हा लेख शेवटपर्यंत वाचावा, अशी आमची विनंती आहे.

प्रथम ही सुधारणा होते कशी तें पाहूं. श्रावण लागला, पावसाची झड थोडी ओसरली, म्हणजे पुण्यामुंबईच्या बागांत फरसबंद वाटेच्या पलीकडे केना, आंबुशी, एकदांडी, तेरडा, कुर्डू, पिवळी तिळवण, ओसाडी अशी मंडळी हजर होते. त्यांस कोणीं लाविलेलें नसतें व कोणीं पाणीहि घातलेलें नसतें. रविवारीं सकाळीं हातीं कॅमेरा किंवा मोबाईल घेऊन गृहस्थ येतात. सोबत बहुधा पत्नी व मुलेंहि असतात. फूल सांपडतें. भोंवतालचें गवत चित्राच्या आड येतें म्हणून उपटलें जातें. शेजारचें किडकें पान खुडलें जातें. रात्रीं पाऊस पडून गेलेला असला तरी दंवबिंदु हवेत म्हणून बाटलींतून पाण्याचा फवारा मारला जातो. घरीं गेल्यावर दुसरा संस्कार. फिकट निळ्याचा गर्द निळा होतो, पिवळ्याचा सोनेरी होतो, कीटकानें पाकळीस पाडलेलें भोंक बुजविलें जातें, मागची भिंत व पाण्याचा नळ नाहींसे होऊन त्यांच्या जागीं एक गूढ काळोख येतो. आणि हल्लीं तर यंत्रास नुसतें शब्दांनीं सांगितलें कीं, तें कधींच न आलेलें फुलपाखरूं आणून पाकळीवर बसवितें. आमच्या पाहण्यांत आलेल्या एका स्पर्धेंत ज्या चित्रास पहिलें पारितोषिक मिळालें, त्यांतील केन्याचें फूल वांग्यासारखें जांभळें होतें, आणि त्याखालचीं पानें तर केन्याचीं नव्हतींच. परीक्षकांनीं ‘निसर्गाचें मनोहर दर्शन’ म्हणून त्याची वाखाणणी केली!

आतां आमच्याविषयीं एक गैरसमज होण्याचा संभव आहे, तो आधींच दूर करतों. फोटोंत मुळीं फेरफारच करूं नये, कॅमेऱ्यानें जें दिलें तें वेदवाक्य मानावें, असें म्हणणाऱ्या सोंवळ्या पंथाचे आम्ही नाहीं. सुधारणा दोन प्रकारची असते. एकीनें चित्र फुलाच्या जवळ जातें; दुसरीनें तें फुलापासून दूर जातें. पहिली हें फोटो काढणाराचें कर्तव्य आहे. दुसरी ही लबाडी आहे, मग ती कितीहि सुबक असो. दोहोंसाठीं हत्यारें तींच, बटणें तींच. भेद काय तो हेतूचा. आणि तो ओळखण्याची कसोटीहि अवघड नाहीं. हें चित्र हातीं घेऊन उद्यां कोणी त्याच बागेंत गेला, तर त्यास तें फूल ओळखतां येईल काय? येत असेल, तर फेरफार कितीहि केलेला असो, चित्र खरें. येत नसेल, तर फेरफार केवढाहि अल्प असो, चित्र खोटें. आमचें सर्व म्हणणें ह्या एका प्रश्नांत आलें. पुढील सारा विस्तार त्याचाच आहे.

पहिल्या प्रकारच्या सुधारणेची गरज कां पडते, हें कॅमेऱ्याची रचना पाहिली म्हणजे कळतें. बहुतेक डिजिटल कॅमेऱ्यांच्या पोटांत प्रकाश टिपणारा जो पडदा असतो, त्यावरील प्रत्येक कण एकच रंग पाहतो. कोडॅक कंपनींतील ब्राइस बायर ह्यांच्या ज्या युक्तीस १९७६ सालीं पेटंट मिळालें, तीप्रमाणें चार कणांपैकीं दोहोंवर हिरवी, एकावर तांबडी व एकावर निळी गाळणी असते. प्रत्येक ठिकाणचे उरलेले रंग यंत्र शेजारच्या कणांवरून अंदाजानें भरतें. म्हणजे कॅमेऱ्यांतून बाहेर येणारा पहिलावहिला फोटो हाहि एक प्रकारचा तर्कच होय. त्यांतून फूल भडक रंगाचें असलें म्हणजे फजिती ठरलेली. एकदांडीचें उदाहरण घ्या. ज्याला आपण तिचें एक फूल म्हणतों, तो वस्तुतः अनेक चिमुकल्या फुलांचा मेळा असतो: कडेला चारपांच फिकट पाकळ्या, प्रत्येकीचें टोंक तीन दातांचें, आणि मध्यें पिवळ्या नळ्यांसारख्या फुलांची दाटी. भर उन्हांत हें फूल टिपलें, तर पिवळ्या भागावर तांबड्या व हिरव्या रंगांचें माप काठोकाठ भरून सांडतें, आणि त्या साऱ्या नळ्या मिळून हळदीचा एक ठिपका उरतो. अशा वेळीं मुळांतच प्रकाश थोडा कमी घ्यावा, आणि घरीं आल्यावर सावलींतला भाग बेताबेतानें उजळून त्या नळ्या पुन्हां सुट्या दाखवाव्या, ही खरी सुधारणा. गंमत अशी कीं, लोकप्रिय सुधारणा नेमकी ह्याच्या उलट जाते. ती पिवळ्यास आणखी पिवळें करते, आणि उरल्यासुरल्या नळ्याहि हळदींत बुडवून टाकते.

झाडाखालीं काढलेल्या फोटोंचें दुखणें निराळें. तेथें पोंचणारा उजेड पानांतून गाळून आलेला असतो, सबब पांढऱ्या पाकळीवरहि हिरवट झांक चढते. आपला डोळा ती झांक मनांतल्या मनांत वजा करतो. कॅमेऱ्यास तें साधतेंच असें नाहीं. फुलाशेजारीं एक करडा कागद धरून आधीं एक फोटो घ्यावा व त्यावरून रंगांचा तोल जुळवावा, हा त्यावर साधा उपाय आहे. निळ्याजांभळ्या फुलांची कथा तर छायाचित्रणाच्या इतिहासांत प्रसिद्धच आहे. ओसाडीच्या जातीचीं निळसर फुलें रंगीत फिल्मवर गुलाबी उमटत. कारण तीं जो गडद तांबडा व अवरक्त प्रकाश परत फेंकतात, तो आपल्या डोळ्यास जवळजवळ दिसत नाहीं, पण फिल्मवर त्याचा परिणाम होई. ओसाडीच्या शास्त्रीय नांवावरून ह्या दोषास ‘अजेरॅटम परिणाम’ असेंच नांव पडलें. डिजिटल कॅमेऱ्यांत अवरक्त प्रकाश अडविणारी गाळणी असते, म्हणून हा दोष पुष्कळ कमी झाला आहे. तरी निळ्याजांभळ्याच्या सीमेवर कॅमेरा आजहि अडखळतो. तेव्हां ज्यानें ओसाडीचें फूल स्वतः निरखिलें आहे, त्यानें फोटोंतला गुलाबीपणा काढून मूळचा फिकट जांभळा रंग परत आणला, तर त्यास खोटा कोण म्हणेल? त्यानें यंत्राची चूक दुरुस्त केली. मात्र त्यासाठीं आधीं फूल नीट पाहिलेलें असावें लागतें, आणि नेमकें तेंच आमच्या सुधारकांकडून होत नाहीं. त्यांची नजर फुलावर नसते, कांचेवर असते.

खरें पाहतां, उत्तम सुधारणा फोटो काढण्यापूर्वींच होऊन गेलेली असते. केन्याचें निळें फूल सकाळीं उमलतें आणि दुपार होतां होतां मिटून जातें. उशिरां बागेंत जाऊन मलूल फुलावर घरीं रंग चढविण्यापेक्षां दोन तास आधीं उठणें हा सोपा मार्ग आहे. सकाळीं वाराहि बहुधा पडलेला असतो, त्यामुळें लवलवतें फूल क्षणभर तरी स्थिर मिळतें. ढगाळ दिवसाची तक्रार करूं नये. त्या दिवसाचा मऊ उजेड पाकळीच्या शिरा दाखवितो, रणरणतें ऊन त्या खाऊन टाकतें. ऊन असलेंच तर फुलावर छत्रीची सावली धरावी, आणि अंधाऱ्या बाजूस पांढऱ्या कागदावरून थोडा उजेड परतवावा. मागची भिंत नको असेल, तर ती पुसून टाकण्याऐवजीं आपण दोन पावलें सरकावें व गुडघे टेंकावे. वरून पाहिलें कीं फुलामागें माती व कागदाचे कपटे येतात, फुलाच्या उंचीवर उतरलें कीं मागें दूरची हिरवी छाया येते. भिंगाचें तोंड बारीक केलें म्हणजे पाकळीपासून देंठापर्यंतचा भाग स्पष्ट येतो. पण अतिशय बारीक केलें, तर प्रकाश त्याच्या कडांशीं पसरून सारेंच चित्र बोथट होतें, म्हणून मध्यम माप बरें. ह्या सर्वांस खर्च तो काय? एक छत्री, एक कागद, आणि मळलेले गुडघे. परंतु गुडघे मळविण्यास कोणी तयार नाहीं. चिखलांत बसून पाहणें अप्रतिष्ठेचें, आणि कोचावर बसून रंग ओतणें प्रतिष्ठेचें, अशी आमच्या पांढरपेशा समाजाची समजूत झालेली आहे. आणि ‘सुधारणे’च्या लोकप्रियतेचें अर्धें कारण हेंच आहे.

दुसऱ्या प्रकारची सुधारणाहि आमच्या समाजास नवीन नाहीं. काळ्यापांढऱ्या फोटोंच्या काळीं दुकानांत निगेटिव्हवर बारीक पेन्सिल चालवून चेहऱ्यावरील देवीचे वण बुजविणारे कारागीर असत. त्यांच्या कसबास आमचा नमस्कार आहे. पण लग्नाच्या बाजारांत ह्या कसबाचा उपयोग कसा होई, हें वडीलधाऱ्या मंडळींस सांगावयास नको. मुलीचा फोटो उजळून पाठवावयाचा. तो पाहून मुलाकडची मंडळी यावयाची. सांवळी मुलगी समोर येऊन बसावयाची. आणि ‘फोटोंत निराळी वाटली होती’ असे उद्गार काढून, पोहे खाऊन, मंडळींनीं परत जावयाचें. लबाडी केली फोटोनें, नकार मिळाला मुलीस. तिच्या अंगीं कांहीं उणें नव्हतें. उणें होतें तें तिला जशी आहे तशी दाखविण्याचें धैर्य. रानफुलांच्या बाबतींत आज अक्षरशः हेंच चाललें आहे. सुधारलेलें चित्र पाहून जो मुलगा बागेंत जातो, त्यास खरा केना फिका, लहान, मळकट व किडका दिसतो; ‘हें तें फूल नव्हे’ असें म्हणून तो पुढें जातो. त्यास फुलाची ओळख करून देण्याच्या नांवाखालीं आपण त्याच्या मनांत फुलाविषयीं तिटकारा पेरला.

हा वाद छायाचित्रणाइतकाच जुना आहे, हेंहि येथें सांगितलें पाहिजे. १८४३ सालीं ॲना ॲटकिन्स ह्या इंग्रज बाईनें समुद्रांतील शैवालांचीं छायाचित्रें पुस्तकरूपानें काढण्यास आरंभ केला, तेव्हां तिनें वनस्पतीच कागदावर ठेवून सूर्यप्रकाशास उमटविण्यास लाविलें. तिच्या निळ्या पानांवर रंग खरा नाहीं, पण आकाराच्या कडेकडेपर्यंत वनस्पति आपली साक्ष आपण देते. पुढें हेन्री पीच रॉबिन्सन ह्यांनीं पांच निगेटिव्ह जोडून १८५८ सालीं मरणोन्मुख मुलीचें एक चित्र रचिलें, आणि १८६९ सालीं अशा रचनेचें समर्थन करणारा ग्रंथ लिहिला. त्यावर १८८९ सालीं पीटर हेन्री एमर्सन ह्यांनीं निसर्गनिष्ठ छायाचित्रणाची बाजू घेऊन दुसरा ग्रंथ लिहिला, आणि जोडाजोड व खाडाखोड ह्यांवर हत्यार उपसलें. आमच्याकडेहि मुंबईस १८५४ सालींच फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती, व भाऊ दाजींचे बंधु डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभींच्या सभासदांपैकीं होते. तेव्हां ‘नवें युग आलें आहे, तुम्हांस तें कळत नाहीं’ असें म्हणून आम्हांस गप्प बसविण्याचा प्रयत्न कोणी करूं नये. युग नवें असेल. प्रश्न जुनाच आहे. एवढेंच कीं, रॉबिन्सनसाहेबांस पांच निगेटिव्ह जोडण्यास मेहनत पडली असेल, आणि आज तीच करामत सहा वर्षांचें पोर क्षणार्धांत करतें. पूर्वीं खोटें चित्र महाग होतें व खरें स्वस्त होतें. आज खोटें स्वस्त झालें आहे, आणि म्हणूनच खऱ्याची राखण करण्याची गरज वाढली आहे.

आतां प्रतिपक्षाच्या आक्षेपांचा विचार करूं. पहिला आक्षेप असा कीं, हें कलेचें क्षेत्र आहे, आणि कलावंतास स्वातंत्र्य असावें. अवश्य असावें! चित्रकारानें केना तांबडा रंगवावा, हिरवा रंगवावा, त्यास सात पाकळ्या काढाव्या. आम्ही आनंदानें पाहूं. कारण चित्रकार ‘हें मी पाहिलें’ असें म्हणत नाहीं, ‘हें मला सुचलें’ असें म्हणतो. फोटोची सारी पत ‘हें तेथें होतें’ ह्या एका न उच्चारलेल्या वाक्यावर उभी आहे. त्या पतीवर कर्ज काढावयाचें, आणि फेडीची वेळ आली कीं ‘मी कलावंत आहें’ म्हणून हात वर करावयाचे, हा व्यवहार सचोटीचा नव्हे. ज्यास कल्पनाचित्र करावयाचें असेल त्यानें तें तसें म्हणून दाखवावें. त्याखालीं बागेचें नांव, तारीख व फुलाचें नांव घालून त्यास साक्षीदाराच्या पिंजऱ्यांत उभें करूं नये.

दुसरा आक्षेप अधिक विचारी लोकांकडून येतो. ते म्हणतात, ‘कॅमेरा तरी संपूर्ण सत्य कोठें दाखवितो? मधमाशीस फुलावरचीं जंबुपार किरणांचीं चिन्हें दिसतात, तीं आपणांस दिसत नाहींत. मग खरा रंग कोणता, आपला कीं मधमाशीचा?’ प्रश्न मार्मिक आहे. किंबहुना आम्ही त्यांत भर घालतों: केन्याचीं कांहीं फुलें तर जमिनीखालीं, मुळींच न उमलतां, अंधारांत फळतात, तीं ना आपणांस दिसत, ना मधमाशीस. पण ह्यावरून निष्पन्न काय होतें? एवढेंच कीं, आपलें पाहणें अपुरें आहे. अपुऱ्या साक्षीस पुरी करण्याचा मार्ग अधिक पाहणें हा आहे, खोटी साक्ष देणें हा नव्हे. कोणताहि साक्षीदार सारी घटना पाहत नाहीं, म्हणून न्यायाधीशानें साक्षीदारांस वाटेल तें बोलण्याची मुभा दिल्याचें आम्हीं ऐकिलें नाहीं.

तिसरा आक्षेप सर्वांत प्रचलित, आणि म्हणूनच सर्वांत घातक: ‘कोणाचें काय बिघडतें? रविवारची करमणूक आहे.’ बिघडतें तें असें. हल्लीं आयनॅचरलिस्ट व इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल ह्यांसारख्या ठिकाणीं सामान्य नागरिकांनीं काढलेले फोटो स्थळ व तारीख ह्यांसह जमा होतात, आणि त्यांवरून वनस्पति ओळखल्या जातात; कोणती वनस्पति कोठें व केव्हां फुलते ह्याचे आराखडे बांधले जातात. शाळेंत वनस्पतिशास्त्र न शिकलेली गृहिणीहि आपल्या मोहल्ल्याच्या बागेंतील एका फुलानें ह्या कामास हातभार लावूं शकते. पूर्वीं कोणत्याहि विद्येंत सामान्य माणसास एवढा मान मिळाला नव्हता. पण त्यासाठीं फोटोंत काय हवें? नुसता पाकळ्यांचा मुखडा नव्हे. केन्याच्या जातिभाईंतून त्यास निवडून काढावयाचें, तर पान देंठाला जेथें वेढा घालतें तेथील तांबूस केस दिसले पाहिजेत. आणि आमचे सुधारक नेमका तोच भाग धुरकट करून टाकतात. कुक ह्यांनीं १९०१ ते १९०८ ह्या वर्षांत मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांतील कोरड्या शब्दवर्णनावरून आजहि झाड ओळखतां येतें. आणि आमच्या लखलखीत चित्रावरून मात्र ओळखतां येत नाहीं, ह्यास प्रगति म्हणावयाचें काय?

शिवाय कुरूप वनस्पतीची नोंदहि मोलाची असते, हें विसरतां कामा नये. गाजरगवत आज आमच्या प्रत्येक उकिरड्यावर डोलतें. पण १९५० नंतरच्या दशकांत पुण्याच्या परिसरांत अभ्यासकांचें त्याकडे लक्ष गेलें, तेव्हां तें एक अनोळखी, क्षुद्र, पांढऱ्या ठिपक्यांचें झाड होतें. बागेंतल्या फुलांपैकीं एकदांडी, ओसाडी, घाणेरी हीं सारीं अमेरिकेंतून आलेलीं. तीं पसरलीं कशीं, त्यांनीं कोणास हुसकलें, हा इतिहास साध्या, निरलंकृत नोंदींवरूनच लिहितां येतो. ज्या चित्रांतून भिंत, नळ, गवत, कीड व शेजारचें तण पुसून टाकलें, त्या चित्रांतून हा सारा इतिहास पुसून टाकला. भोंक पडलेली पाकळी म्हणजे कलंक नव्हे. तेथें कोणी जेवून गेला ही बातमी आहे.

परंतु ह्याहून मोठी हानि पुढेंच आहे, आणि ह्या लेखाचें खरें प्रयोजन तीच होय. चित्र सुधारणारी अभिरुचि चित्रावर थांबत नाहीं. ती बाग सुधारावयास निघते. ज्या डोळ्यांस काळ्या पडद्यापुढें एकटें चमकणारें फूल पाहण्याची संवय लागली, त्यांस खऱ्या बागेंतला गुंताडा सहन होत नाहीं. मग तक्रार अर्ज जातो: ‘बागेंत रान माजलें आहे.’ अर्ज करणारे कोण? तेच आम्ही, सुशिक्षित करदाते. त्यावर यंत्र फिरतें, आणि ऐन भाद्रपदांत, बीं धरण्याच्या आधींच, सारें कापून भुईसपाट होतें. पुढें ‘सुशोभीकरण’ येतें: वाटेच्या दोहों बाजूंस सिमेंटचे ठोकळे, मध्यें गालिच्यासारखें आणलेलें गवत, आणि कुंड्यांत ऋतुमानाप्रमाणें बदलावयाचीं रोपटीं. पडद्यावर जें केलें, तेंच जमिनीवर झालें. मागचें पुसलें, रंग वाढविला, आणि एकसारखें केलें. मग त्याच गृहस्थांनीं सप्टेंबरांत मोटार काढून सातारच्या कास पठारावर जावें, तेथें गर्दी करून तेरडा व सीतेचीं आसवें पाहावीं, आणि ‘आमच्या शहरांत निसर्ग कोठें उरला?’ असा सुस्कारा टाकावा! वर्षायु रोपांचें सारें भवितव्य एका हंगामाच्या बियांवर अवलंबून असतें. जें रोप फोटोसाठीं भोंवतालचें गवत काढतांना तुडविलें गेलें, किंवा ‘रान माजलें’ म्हणून आठ दिवस आधीं कापलें गेलें, त्याचा वंश त्या जागीं तेथेंच खुंटण्याचा संभव असतो.

उलट दाखलाहि आमच्याजवळ आहे. मुंबईस माहीम व धारावीच्या मध्यें, मिठी नदीच्या कांठीं, जेथें एके काळीं शहराचा कचरा टाकला जात असे, तेथें झाडें लावून, राखून, सुमारें ३७ एकरांचें महाराष्ट्र निसर्ग उद्यान उभें राहिलें, व १९९४ सालीं तें लोकांस खुलें झालें. उकिरड्यावर रान उभें करतां येतें, हें त्यानें सिद्ध केलें. मग ज्या बागेंत रान आपण होऊन येतें, तेथें तें राखण्यास अडचण कसली? अडचण पैशाची नाहीं, जागेची नाहीं. अडचण डोळ्यांची आहे. आणि डोळे बिघडविण्याचें काम हीं सुधारलेलीं चित्रें रोज सकाळीं, शुभेच्छांच्या मिषानें, घरोघर करीत आहेत.

नुसती टीका करून थांबणें बरें नव्हे. सबब आमच्या सूचना थोडक्यांत मांडतों. स्पर्धा भरविणारांनीं दोन निरनिराळे विभाग करावे, एक नोंदीचा व एक कल्पनेचा. आणि पहिल्या विभागांत प्रत्येकाकडून मूळ, अस्पर्शित फोटो मागवून तो चित्राशेजारीं टांगावा. नियतकालिकांनीं छापलेल्या फोटोखालीं काय फेरफार केला तें एका ओळींत सांगावें. शरम वाटत नसेल तर सांगण्यास हरकत नसावी. फोटो काढणारांनीं प्रत्येक फुलाचे किमान दोन फोटो घ्यावे, एक मुखड्याचा व एक पानदेंठांसह साऱ्या रोपट्याचा; कांहीं खुडूं नये, कांहीं उपटूं नये; आणि रंग लाविण्यापूर्वीं एकदां तरी डोळे मिटून आपण खरोखर काय पाहिलें तें आठवावें. आईबापांनीं मुलांस चित्र दाखवून फूल शोधावयास न लावतां, फूल दाखवून त्याच्याशीं चित्र ताडून पाहावयास लावावें. आणि आपापल्या भागांतील बागेच्या अधिकाऱ्यांकडे आपण सर्वांनीं मिळून एक अर्ज करावा: कुंपणालगतची चार हात रुंदीची पट्टी दिवाळीपर्यंत कापूं नये. आजवर आपण कापण्यासाठीं अर्ज केले. एक न कापण्यासाठीं करून पाहूं.

सुधारणा हवीच, पण ती पाहणाराची हवी. फुलास तिची गरज नाहीं. पावसाच्या पहिल्या सरीबरोबर, कोणाचेंहि निमंत्रण नसतां, फरसबंदीच्या फटींतून वर येऊन जें आपला रंग, आपला आकार आणि आपली वेळ अचूक सांभाळतें, त्यास सुधारण्याची ऐट आपण मिरवावी, ह्यापरता उद्दामपणा कोणता? आपणांस करण्यासारखें एकच आहे. त्याच्यापुढें गुडघे टेंकावे, श्वास रोखून नीट पाहावें, आणि जें दिसलें तें जसेंच्या तसें सांगावें. ज्या समाजास एका पैशाइतक्या फुलाविषयीं खरें सांगतां येत नाहीं, त्यानें दिलेल्या मोठमोठ्या गोष्टींच्या साक्षीवर विश्वास कोणीं व कां ठेवावा?